लहान पत्र्याच्या खोक्यात एसएमपीएस आत बसवायचा आहे : जागा, उष्णता आणि अर्थिंग

प्रश्न : अडत_लातूर

नमस्कार. लातूरच्या बाजार समितीच्या आवारात आमचे अडतीचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि खरेदीदारांची बिले ज्या संगणकावर होतात, त्याच्यासाठी मी स्वतः एक लहान खोके तयार करून घेत आहे. गादीशेजारच्या लाकडी मेजाच्या कप्प्यात ते बसले पाहिजे, म्हणून आतले माप २२० मिमी रुंद, २०० मिमी खोल आणि ८० मिमी उंच असे धरले आहे. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० × १७० मिमीचा आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि एक एनव्हीएमई एसएसडी आहे.

वीजपुरवठा, म्हणजे सॉकेटच्या विजेपासून संगणकाला लागणारी डीसी वीज तयार करणारा एसएमपीएस, खोक्याच्या आतच हवा आहे. आतापर्यंत एक मिनी पीसी बाहेरच्या अडॅप्टरवर चालवला. तो अडॅप्टर जमिनीवर पडून राहायचा, फरशी पुसताना त्याच्याखाली पाणी जायचे, हमालाचा पाय अडकला की ऐन पट्टी छापताना पिन निघून यायची आणि धान्याच्या दुकानात उंदीर असतातच, त्यांनी एका हंगामात दोनदा वायर कुरतडली. त्यामुळे मागे तीन पिनांची नेहमीची पॉवर कॉर्ड लागावी आणि बाकी सगळे पत्र्याच्या आत बंद असावे, अशी इच्छा आहे.

चाचणीसाठी फ्लेक्स-एटीएक्स या अरुंद, लांबट मापाचा एक एसएमपीएस आणला, जुन्या कॅबिनेटचा उघडा पत्रा घेतला आणि त्यावर बोर्ड व एसएमपीएस स्क्रूने बसवून संगणक सुरू केला. संगणक व्यवस्थित चालतो. परंतु पत्र्याला उलटा हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. मल्टिमीटरचे एक टोक पत्र्याला आणि दुसरे नळाच्या लोखंडी पाइपला लावले तेव्हा १०८ व्होल्ट दिसले. त्या वेळी सॉकेटमधील दाब २१७ व्होल्ट होता.

हा एसएमपीएस बिघडलेला आहे का? खोक्याला रबराचे पाय लावून आणि आतून फायबर शीट चिकटवून हे थांबेल का? सोयाबीनच्या हंगामात दुकानात इतकी धूळ असते की संध्याकाळी वहीवरून हात फिरवला तर बोटे पांढरी होतात. अशा जागी कोणत्या प्रकारचा एसएमपीएस टिकेल? पत्रा कापायला देण्याआधी या तीन गोष्टी नक्की करायच्या आहेत.


उत्तर : दुरुस्ती_नांदेड

आपण पत्रा कापण्याआधी विचारले, हे फार चांगले केले. आधी झिणझिण्यांबद्दल लिहितो, कारण बाकीचे सगळे त्यानंतर येते.

आपला एसएमपीएस बहुधा बिघडलेला नाही. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या प्रवेशाशी विद्युत गोंगाट दाबण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजपासून धातूच्या अंगाला आणि दुसरा न्यूट्रलपासून त्याच अंगाला जोडलेला असतो; यांना वाय-कपॅसिटर म्हणतात. अर्थिंग जोडलेले असले की त्यांतून वाहणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसले की धातूचे अंग त्या दोन सारख्या कपॅसिटरांच्या मध्ये लोंबकळत राहते आणि त्यावर मूळ दाबाच्या बरोबर अर्धा दाब येतो. आपले २१७ आणि १०८ हे आकडे तेच सांगत आहेत. म्हणजे तिसरी पिन आपल्या सॉकेटमध्ये जाते खरी, पण तिच्यापुढे जमीन नाही.

हा प्रवाह मिलिअँपिअरच्या आत असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात. मात्र उद्या आत एखादी फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर तोच पत्रा पूर्ण दाबाने जिवंत होईल आणि फ्यूजही उडणार नाही, कारण प्रवाहाला परतीची वाटच नसेल. रबराचे पाय आणि फायबर शीट लावल्याने आपल्याला इशारा मिळायचा थांबेल, धोका तसाच राहील. कृपया तसे करू नका. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ हे तिन्ही दाब मोजून इथे लिहा. हात कोरडे असू द्या आणि मीटरच्या टोकांचे धातूचे भाग बोटांपासून दूर ठेवा.

आता धुळीबद्दल. धान्याच्या दुकानांतून आणि जिनिंगमधून दुरुस्तीला येणारे एसएमपीएस उघडले की आत पंख्यापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत नमद्यासारखा एक थर बसलेला असतो. तो बोटाने ओढला तर सलग पट्टीसारखा निघतो. फ्लेक्स-एटीएक्समध्ये ४० मिमीचा पंखा असतो. तो लहान असल्यामुळे फार वेगाने फिरतो, आवाज करतो आणि धूळही तितक्याच वेगाने ओढतो. पहिल्या हंगामात त्याचे बेअरिंग घरघरू लागते, दुसऱ्या हंगामात तो थांबतो आणि मग कपॅसिटर फुगतात. आपल्या जागेसाठी मी पंखा नसलेला एसएमपीएस सुचवेन.

मीन वेल कंपनीचा एलआरएस-१५०-१२ हा १२ व्होल्ट, १२.५ अँपिअरचा जाळीच्या झाकणाचा पुरवठा पाहा. त्याचे माप १५९ × ९७ × ३० मिमी आहे आणि त्याला पंखा नाही. २३० च्या बाजूला तो १७० ते २६४ व्होल्टपर्यंत चालतो, ही गोष्ट संध्याकाळी दाब खाली जाणाऱ्या आपल्या भागात मोलाची आहे. त्याच्या पुढे मदरबोर्डच्या २४ पिनांच्या सॉकेटमध्ये थेट बसणारी डीसी-डीसी पट्टी लावायची. पिको नावाने ती ओळखली जाते आणि ५ व ३.३ व्होल्ट तीच तयार करते.

हिशोब असा : ५६००जी वर ६५ वॉट लिहिलेले असले तरी जोरात असताना तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखा मिळून आणखी २५ ते ३० वॉट धरा. एकूण ११५ च्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअरला थोडे कमी. हा प्रोसेसर बायोसमधून ४५ वॉटच्या मर्यादेवरही चालवता येतो आणि पट्ट्या व बिले यांसाठी तेवढे भरपूर आहे. तसे केले तर पुरवठा निवांत राहील आणि कमी तापेल. डीसी-डीसी पट्टी घेताना तिच्यावर प्रोसेसरसाठीचा चार पिनांचा १२ व्होल्टचा जोड आहे आणि त्याची क्षमता पुरेशी आहे, हे पाहूनच घ्या. काही जण तो जोड सरळ एसएमपीएसवरून घेतात, पण मग संगणक बंद असतानाही प्रोसेसरच्या वीज-विभागावर १२ व्होल्ट राहतात. मला ते पटत नाही.

दोन गोष्टी विसरू नका. एलआरएस-१५० च्या अंगावर ११५ आणि २३० असा एक लहान सरकता स्विच असतो. तो २३० वर आहे, हे वीज देण्याआधी डोळ्यांनी पाहा, कारण ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी आतले भाग जातात. दुसरे, त्याचा दाब एका लहान स्क्रूने १०.२ ते १३.८ व्होल्ट असा कमीजास्त होतो. आधी पट्टी न जोडता मल्टिमीटरवर १२.० लावून घ्या, मगच पुढची जोडणी करा. साध्या डीसी-डीसी पट्ट्या आलेले १२ व्होल्ट जसेच्या तसे पुढे देतात, त्यामुळे इथली चूक थेट मदरबोर्डपर्यंत पोहोचते.


उत्तर : पत्राकाम_वाळूज

मी वाळूजला लेसर कटिंग आणि बेंडिंगच्या कामात आहे. वरच्या उत्तरातील पुरवठा धरून आपल्या मापांचा विचार केला, आणि ८० मिमी उंची कोणत्याच मांडणीत बसत नाही.

फ्लेक्स-एटीएक्सचे माप ८१.५ × ४०.५ × १५० मिमी आहे. १७० मिमीच्या बोर्डाशेजारी तो आडवा ठेवला तर २५१.५ मिमी रुंदी लागते. उभा ठेवला तर रुंदी बसते, पण उंची दीड मिलिमीटर कमी पडते. एलआरएस बोर्डाच्या खाली आडवा घालून दुमजली रचना करावी असे पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटले होते. बेरीज करून पाहा : पुरवठा ३० मिमी, त्यावर हवेसाठी ५, बोर्ड ज्यांवर बसतो ते खुंट (स्टँडऑफ) ६.५, बोर्डाची जाडी १.६, प्रोसेसर व सॉकेट सुमारे ८ आणि सर्वात बुटक्या कूलरांपैकी एक ३७ मिमीचा. हे ८८ मिमी झाले, आणि शिवाय पुरवठ्याची सगळी गरम हवा बोर्डाच्या पोटाला लागत राहणार.

त्याऐवजी एलआरएस भिंतीसारखा उभा करा. ९७ मिमीची बाजू उंचीला, १५९ मिमीची बाजू खोलीला आणि ३० मिमी जाडी रुंदीला येऊ द्या. १७० आणि ३० मिळून २०० होतात, म्हणजे आपल्या २२० मिमी रुंदीत २० मिमीची मोकळी फट उरते. पुरवठ्याची सपाट पाठ बाजूच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवली की तो पत्राच उष्णता बाहेर टाकतो, आणि जाळीची बाजू फटीकडे राहिल्याने तळाच्या खाचांतून आत आलेली हवा धुराड्यासारखी वर चढून वरच्या खाचांतून निघून जाते. यासाठी आतली उंची १०२ मिमी करा. कप्प्यात तेवढी जागा नसेल, तर कप्प्याची मधली फळी काढणे हे पुरवठा दाबून बसवण्यापेक्षा केव्हाही बरे.

टर्मिनलची बाजू मागे, वीज आत येते त्या दिशेला ठेवा, म्हणजे २३० व्होल्टची तार खोक्यात चार बोटांपेक्षा जास्त फिरणार नाही. मात्र २०० मिमी खोलीतून १५९ गेले की ४१ मिमी उरतात, आणि फ्यूज असलेल्या सी-१४ सॉकेटची (खोक्यावरचे, पॉवर कॉर्ड लागते ते सॉकेट) मागची पाती, त्यावरचे थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड) व तारेचे वळण एवढ्यात जेमतेम मावते. जेमतेम मावलेल्या जागी तार दुमडली जाते. खोली २१५ करा.

अर्थिंगच्या बोल्टविषयी आग्रहाने सांगतो. सी-१४ च्या शेजारी पत्र्यावर एम-४ चा एक स्वतंत्र बोल्ट द्या आणि तो दुसऱ्या कशाच्याही पकडीसाठी वापरू नका. पावडर कोटिंगवाल्याला त्या जागी आतून पंधरा-वीस मिलिमीटरचा गोल मास्किंग टेपने झाकायला सांगा. पावडरचा थर विजेला पूर्ण अडवतो. बोल्ट कितीही आवळला तरी रंगावर बसलेले अर्थिंग म्हणजे नसलेले अर्थिंग. उघड्या पत्र्यावर आधी स्टार वॉशर, मग गोल लग, पुन्हा वॉशर आणि नट अशी रचना ठेवा. स्टार वॉशरचे दात पत्र्यात रुतले पाहिजेत. वरचे झाकण वेगळे निघत असेल तर त्यालाही हिरव्या तारेची स्वतंत्र जोडणी द्या, बिजागरीवर किंवा झाकणाच्या स्क्रूंवर विसंबू नका.

पत्रा १.२ मिमीचा सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी पत्रा) पुरेल. तार जिथून जाते त्या प्रत्येक भोकाची धार कानशीने मारून ग्रोमेट (रबरी कडे) बसवा.


उत्तर : गोदाकाठ

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याने २३० व्होल्टची जोडणी याआधी स्वतः केलेली नाही, त्याने ती खोक्याच्या आत आणूच नये. सीलबंद अडॅप्टरच खोक्याच्या आत पट्ट्याने बांधून टाकला तर उंदीर, पाणी आणि हमालाचा पाय या तिन्ही अडचणी सुटतात आणि उघडी टर्मिनल्सही राहत नाहीत. असा विचार का करू नये?


उत्तर : दुरुस्ती_नांदेड

आपली काळजी रास्त आहे, आणि ज्यांना थिंबल दाबायचे हत्यार व मल्टिमीटर हाताळता येत नाही त्यांना मीही हेच सांगेन. परंतु तसा अडॅप्टर बंद प्लॅस्टिकचा असतो आणि चारही बाजूंनी मोकळी हवा मिळेल असे धरून बनवलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त. बंद खोक्यात बांधलेला अडॅप्टर अशा वेळी स्वतःच्या उष्णतेने बंद पडतो किंवा हळूहळू मरतो. तरीही हा मार्ग घ्यायचा असेल तर गरजेच्या दीडपट क्षमतेचा अडॅप्टर घ्यावा आणि त्याभोवती बोटभर जागा सोडावी.


अडत_लातूर

सर्वांचे मनापासून आभार. उंची १०२ आणि खोली २१५ मिमी केली आहे. कप्प्याची फळी काढली.

सॉकेटमध्ये मोजले. फेज ते न्यूट्रल २१९, फेज ते अर्थ ६४ आणि न्यूट्रल ते अर्थ ४१ व्होल्ट आले. स्विचबोर्ड उघडल्यावर दिसले की हिरवी तार भिंतीतून बाहेर आलेली आहे, पण टोक कापून मागे वळवून ठेवलेले आहे. आवारातील एका वायरमनला विचारले, तर त्यांचे म्हणणे पडले की अर्थच्या पिनेवरून न्यूट्रलला एक तुकडा जोडून देतो, झिणझिण्या लगेच थांबतील. तसे केले तर चालेल का?


उत्तर : निवृत्त_वीजअभियंता_परभणी

चालणार नाही. हे कृपया अजिबात करू नका, आणि कोणी आधीच करून ठेवले असेल तर आजच काढा.

अर्थच्या पिनेला सॉकेटमध्येच न्यूट्रल जोडला की झिणझिण्या थांबतात हे खरे आहे, आणि म्हणूनच ही सवय गावोगावी पसरली आहे. पण त्या क्षणापासून आपल्या खोक्याचा पत्रा न्यूट्रलवर अवलंबून राहतो. बाजार आवारात एकाच न्यूट्रलवर अनेक दुकाने असतात. पावसाळी वाऱ्यात तो खांबावर सुटला, किंवा आपल्याच मीटरजवळ सैल झाला, तर फेजचा दाब दिव्यातून, पंख्यातून आणि संगणकातून न्यूट्रलच्या तारेवर येतो, आणि तिथून त्या तुकड्यावाटे सरळ पत्र्यावर. संगणक बंद पडलेला दिसेल, म्हणून कोणीतरी तो बघायला हात लावेल, आणि त्या वेळी पत्र्यावर २३० व्होल्ट असतील. दुरुस्ती करणाऱ्याने फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली तरीही हेच होते. असे अपघात मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत.

योग्य काम दुकानासाठी स्वतंत्र अर्थिंग करण्याचे आहे. आयएस ३०४३ या भारतीय मानकात पाइप इलेक्ट्रोडसाठी किमान अडीच मीटर लांबी सांगितलेली आहे. आपल्या लातूर-परभणीच्या काळ्या मातीत एक खास अडचण येते. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि अर्थिंग उत्तम मिळते. उन्हाळ्यात तीच माती आकसून पाइपपासून सुटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोध वाढतो. म्हणून खड्डा दुकानाच्या सांडपाण्याच्या ओलीजवळ घ्या, तोंडावर झाकण असलेली लहान कुंडी करा आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत त्यात नियमाने पाणी घाला. मोजणी अर्थ टेस्टरने आणि उन्हाळ्यातच करून घ्या, कारण ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा मेमध्ये खरा राहत नाही.

मल्टिमीटरवर फेज ते अर्थ २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगले झाले, असेही मानू नका. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या तारेवरही तो पूर्ण दाब दाखवतो. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे प्रवाह गळू लागला की वीज तोडणारा स्विच) मात्र अवश्य लावा. मातीचा रोध थोडा जास्त असला तरी तो वेळेवर तोडतो, आणि आपल्यासारख्या ठिकाणी माझा भर अर्थिंगइतकाच त्याच्यावर राहील.

एक सूचना आतल्या कामासाठी. वीज बंद करून कॉर्ड काढल्यानंतरही एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब काही काळ टिकतो. कॉर्ड काढल्यावर निदान पाच मिनिटे थांबा, जाळीचे झाकण उघडू नका आणि टर्मिनलवर प्लॅस्टिकचे झाकण असल्याशिवाय खोके बंद करू नका. फ्यूज ३.१५ अँपिअरचा, ‘टी’ अक्षर असलेला, म्हणजे सावकाश उडणारा घ्या, कारण सुरू होताना हा पुरवठा क्षणभर मोठा प्रवाह ओढतो आणि साधा फ्यूज विनाकारण उडत राहतो.


अडत_लातूर

खड्डा झाला, पाइप बसला, आरसीसीबी लागला. तो तुकडा जोडू दिला नाही. शेजारच्या दोन दुकानांतही हिरवी तार अशीच कापलेली निघाली, तेव्हा तिघांनी मिळून एकाच वायरमनकडून काम करून घेतले.

आता न्यूट्रल ते अर्थ एक व्होल्टच्या थोडे वर आहे. एलआरएस जुन्या पत्र्यावर उभा बसवून चाचणी घेतली. पत्रा ते नळ शून्य दिसते आणि उलटा हात फिरवला तरी काही जाणवत नाही. कॉर्डच्या अर्थ पिनेपासून पत्र्याच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत रोध मोजला तर मीटरच्या तारांचा वजा करून ०.१ ओहम राहतो. दाब १२.० लावला होता. प्रोसेसर पूर्ण जोरात असताना पट्टीच्या टोकाशी ११.९ मिळतो. १.५ चौरस मिमीची तार ३० सेमी वापरली आहे. प्रोसेसर ४५ वॉटवर ठेवून तीन तास चालवला, तेव्हा पुरवठ्याच्या अंगावर हात ठेवून दहापर्यंत मोजता येत होते. वरच्या बाजूच्या खाचांवर तळहात धरला की कोमट हवा वर येताना स्पष्ट कळते.

आराखडा उद्या वाळूजला पाठवतो. तळाच्या खाचांना बारीक स्टीलची जाळी आतून बसवणार आहे, म्हणजे उंदराचे पिल्लूही शिरणार नाही आणि हंगामात ब्रशने झाडता येईल.


उत्तर : पत्राकाम_वाळूज

जाळी आतून चिकटवू नका, सरकती ठेवा; बाहेर काढून झटकता आली तरच ती साफ होत राहते. आणि पाठीचे स्क्रू आणण्याआधी पुरवठ्याच्या माहितीपत्रकात स्क्रू किती आत जाऊ शकतो ते पाहून घ्या. पत्र्याची १.२ मिमी जाडी, वॉशर आणि ती मर्यादा मिळून जेवढी होईल त्यापेक्षा स्क्रू लांब नको, कारण त्या भोकांच्या मागे लगेच आतली सर्किट प्लेट आहे. मोजलेली लांबी आराखड्यासोबत लिहून पाठवा, मी स्क्रू त्याच मापाचे कापून पिशवीत घालून देईन.